बेट जोडलं, पण मधल्या पाण्याचं काय?

गलबत (धागाकर्ता)

लेबनॉनचा नकाशा उघडून किनाऱ्यावरचं टायर शहर शोधा. अरबी नाव सूर. समुद्रात घुसलेला जमिनीचा एक जाड तुकडा दिसेल, त्यावर दाटीवाटीने वस्ती. इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदर तिथे पोचला तेव्हा हे तटबंदीचं बेट होतं आणि किनाऱ्यापासून जेमतेम किलोमीटरभर आत. त्याने किनाऱ्यावरचं जुनं शहर पाडलं आणि त्याचे दगड, वर लेबनॉनच्या डोंगरातले देवदार, असं सगळं समुद्रात लोटायला सुरुवात केली. टायरवाल्यांनी पेटतं जहाज सोडून त्याचे लाकडी मनोरे जाळले. वेढा सात महिने चालला, शेवटी आरमारही गोळा करावं लागलं, पण शहर पडलं.

लढाईची ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला पुढची जास्त आवडते. सैन्य गेलं, बांध राहिला. किनाऱ्याला समांतर सरकणारी वाळू आधी बेट आणि जमीन यांच्या मधून निघून जायची, तिला आता आडवी भिंत लागली. दोन्ही अंगांना वाळू साचत गेली आणि शतकानुशतकं साचतच राहिली. आज तो बांध दिसतही नाही, शहराच्या पोटात गेलाय. बेटाचं भूशिर झालं ते झालंच.

दुसरं उदाहरण फ्रान्सचं. मों-सँ-मिशेल हा खडकाळ डोंगर, माथ्यावर मठ. तिथल्या आखातात मोठ्या उधाणाला पाणी १४ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. १८७९ मध्ये तिथे पक्का भरावाचा रस्ता झाला. सोय झाली, पण गाळ साचू लागला. १९६९ मध्ये जवळच्या कुएनों नदीवर बंधारा आला आणि गाळ धुऊन नेणारा उरलासुरला जोरही गेला. आजूबाजूला गवताळ कुरणं पुढे सरकायला लागली, मेंढ्या चरायला लागल्या. शेवटी भराव उखडून तिथे खांबांवरचा पूल बांधावा लागला. पूल २०१४ मध्ये खुला झाला.

तर माझा प्रश्न असा की, बेटाला जोडणारा कॉजवे म्हटलं की आपण वर काय चालतं ते मोजतो. गाड्या किती, वेळ किती वाचला, वगैरे. खालून जे जायचं थांबलं त्याचा हिशोब कुणी आधी मांडतं का? इथे बांधकामातले, समुद्रातले, इतिहासातले लोक आहेत. लिहा.

---

साकव

आधी शब्दाचं बघू. मराठी वर्तमानपत्रात 'कॉजवे पाण्याखाली, गावाचा संपर्क तुटला' असं येतं ते बेटाबद्दल नसतं. तो ओढ्यावरचा किंवा नदीवरचा फरशी पूल. तुमचा कॉजवे म्हणजे समुद्रातला भराव. दोन्हींत गोष्ट एकच असते म्हणा: पाण्याच्या वाटेत ठेंगणी भिंत घालायची आणि खाली जमतील तेवढ्या मोऱ्या ठेवायच्या. पण नदी एकाच दिशेने वाहते. समुद्र दिवसातून चारदा दिशा बदलतो. म्हणून समुद्रातला कॉजवे दोन्ही बाजूंनी मार खातो.

---

दगडफोड्या

बांधकामातला आहे, म्हणून भरावाची बाजू घेतो. उगाच बदनाम करू नका त्याला.

उथळ पाण्यात भरावासारखं स्वस्त आणि टिकाऊ काही नाही. खांब नाहीत, गंजणारं लोखंड नाही, सांध्यांची दुरुस्ती नाही. डंपर आणा, टोकावर दगड ओता, ओतलेल्या दगडांवरूनच पुढचा डंपर न्या. आत खाणीतून येईल तो मिसळ माल, त्यावर मध्यम दगड, आणि लाटा झेलायला सगळ्यात बाहेर मोठे शिळाखंड. मधला थर चुकला तर आतली बारीक खडी लाटांबरोबर निसटते आणि वरचा रस्ता एक दिवस खचतो. बाहेरचे शिळाखंड सगळ्यांना दिसतात, मरण मात्र मधल्या थरात असतं.

आता गणित. माथा १० मीटर रुंद, दोन्ही बाजूंचा उतार १:२ (एक मीटर खाली गेलं की दोन मीटर बाहेर) धरा. पाणी ५ मीटर खोल असेल तर भरावाचा छेद १०० चौरस मीटर. खोली १० झाली की ३००. खोली २० झाली की १०००. म्हणजे चौपट खोलीला दहापट दगड. कुठेतरी ही रेघ पुलाच्या खर्चाला छेदते आणि तिथून पुढे माणूस पूल बांधतो. बुडाशी मऊ चिखल असेल तर ती रेघ अजून लवकर छेदते, कारण टाकलेला दगड आधी चिखलात बुडतो आणि चिखल बाजूला फुगून वर येतो.

गलबतराव, हिशोब मांडत नाहीत असं नाही. पण तो दगडाचा असतो, हे खरं.

---

चुंबकसुई

@दगडफोड्या, एक बाळबोध शंका. दोन्ही टोकांकडून भराव टाकत आणला की मध्ये शेवटची खिंड उरते. ती बुजवणं सगळ्यात सोपं असणार ना? सगळ्यात कमी काम तेच.

---

दगडफोड्या

उलट. सगळ्यात अवघड तेच.

खिंड अरुंद होत जाते, पण दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक तसाच राहतो किंवा वाढतो. मग तेवढं पाणी त्या चिंचोळ्या जागेतून सुसाट निघतं. प्रवाहात टिकून राहायला दगड किती जड लागतो, तर वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला की ६४ पट जड दगड हवा. कालपर्यंत पोरं उचलत होती तेवढे दगड चालत होते, आज क्रेनने टाकलेला धोंडाही वाहून जातो. म्हणून शेवटच्या खिंडीसाठी भरती-ओहोटीच्या मधली थबकलेली वेळ आणि शक्यतो भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो ते, धरतात. तारेच्या जाळ्यात दगड बांधून टाकतात किंवा काँक्रीटचे ठोकळे.

---

निळीशाई

हे वाचून मुंबईच्या वेलार्डची आख्यायिका आठवली. (तो बेटाला बेट जोडणारा, पण इथे चालेल असं वाटतं.) १७८० च्या दशकात गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात वरळीकडची खिंड बुजवायचं काम चालू होतं. बांधलेली भिंत पुन्हा पुन्हा ढासळत होती. मग रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढायला सांगितल्या, मूर्ती मिळाल्या आणि भिंत टिकली. महालक्ष्मीचं मंदिर त्यातूनच उभं राहिलं म्हणतात.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी भिंत नेमकी शेवटच्या खिंडीत ढासळणं हे दगडफोड्या म्हणतात तसंच नाही का? देवीची गोष्ट सांगणाऱ्यांना सहावा घात माहीत नव्हता, पण समुद्र तिथे ऐकत नाही एवढं त्यांनी बरोबर टिपलं होतं.

'वेलार्ड' हा शब्द पोर्तुगीज 'व्हालादो'वरून आला. अर्थ बांध, कुंपण.

---

रात्रपाळी

जंजिऱ्याचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

१६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीच्या किनाऱ्याकडून जंजिऱ्यापर्यंत दगड-लाकडांचा भराव टाकायला घेतला होता. कल्पना टायरसारखीच: किल्ला समुद्रात आहे ना, मग समुद्रच हटवू. काम चालू असताना मोगल फौज कल्याणच्या बाजूला उतरली, महाराजांना वेढा सोडून तिकडे जावं लागलं आणि काम अर्धवट राहिलं. सिकंदराला सात महिने मिळाले. इथे ते मिळाले नाहीत.

---

पडाव

@रात्रपाळी, फरक फक्त वेळेचा नाही हो. टायरच्या आणि किनाऱ्याच्या मधलं पाणी मुळातच उथळ होतं. बेट लाटा अडवतं, लाटा त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून मागे येतात, एकमेकींना भिडतात आणि तिथे थकतात. थकल्या की हातातली वाळू टाकतात. बेट लांब आणि किनारा जवळ असेल तर मागे वाळूचा दांडा आपोआप तयार होतो, कधीकधी पार किनाऱ्याला टेकतो. टायरमागे असा दांडा पाण्याखाली आधीच तयार होत होता. सिकंदराने निसर्गाचं अर्धं झालेलं काम उचललं.

जंजिरा खाडीच्या तोंडाशी आहे. तिथे रोज दोन वेळा खाडी भरते आणि रिकामी होते. वाळू साचायला जी शांतता लागते ती तिथे नाही. भराव पुढे गेला असता तर शेवटच्या खिंडीत काय झालं असतं ते वर वाचलंच.

---

रात्रपाळी

मान्य. पण झालं नसतंच असं मी म्हणणार नाही. :)

---

तिकटी

कॅनडातला कॅन्सो कॉजवे या धाग्यात यायलाच हवा. केप ब्रेटन बेट नोव्हा स्कोशियाच्या मुख्य भूमीला जोडणारा. १३ ऑगस्ट १९५५ ला खुला झाला. लांबी १,३८५ मीटर, म्हणजे फार नाही. पण तळ काही ठिकाणी ६५ मीटर खोल. दगडफोड्यांचं गणित इथे लावून बघा! जवळचा अख्खा डोंगर फोडून सुमारे एक कोटी टन दगड ओतला.

पूल का नाही बांधला? कारण बर्फ. हिवाळ्यात सेंट लॉरेन्सच्या आखातातून बर्फाच्या लाद्या त्या सामुद्रधुनीतून वाहत यायच्या. खांब त्यांच्या माराला टिकणार नाहीत अशी भीती होती. म्हणून तिथे मोऱ्याही नाहीत, जहाजांसाठी एका टोकाला जलपाश (दारं लावलेला कालवा) ठेवला आणि बाकी सगळी भिंत.

परिणाम मजेशीर झाला. बर्फ उत्तरेला अडकला आणि दक्षिणेकडे वर्षभर बर्फमुक्त, खोल बंदर आयतं मिळालं. तिथे उद्योग आले. दुसरीकडे सामुद्रधुनीतून ये-जा करणारे मासे आणि लॉबस्टरची पिल्लं यांची वाट बंद झाली, अशी मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. म्हणजे गलबत, तुमचा 'खालचा हिशोब' नेहमी तोट्याचाच निघतो असं नाही. कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात गेलं हे बघावं लागतं.

---

गलबत (धागाकर्ता)

@तिकटी, हे शेवटचं वाक्य मला लिहायला हवं होतं. मी 'पाणी' म्हणून थांबलो, खिसे विसरलो.

---

खारफुटी

मग माहीमचा कॉजवे बघा ना. १८४५ मध्ये खुला झाला, माहीम बेट साष्टीला जोडलं. आधी होडीने जावं लागायचं. जमशेदजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले, अट एकच की पथकर घ्यायचा नाही. लेडी जमशेदजी रोड त्यांच्याच नावाचा. दानत मोठी होती यात वाद नाही.

पण मिठी नदीचं तोंड तिथेच आहे. तोंड आवळलं की पोट फुगणारच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी बाहेर जाईना. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या बांधाचा हा हिशोब कोण देणार?

---

दगडफोड्या

@खारफुटी, इथे जरा थांबा. सगळं बिचाऱ्या कॉजवेच्या माथी मारू नका. त्याच्या खालून पाणी जायला वाट आहे, तो कॅन्सोसारखा बंद नाही. १८४५ नंतर त्या खाडीत किती भराव पडला, नदीकाठ किती आवळला, खारफुटी किती तोडली, रेल्वेचे पूल, रस्ते, झोपड्या, कार्यालयं, सगळं मोजा. त्या दिवशी दुपारी वर भरतीही होती. भरतीला समुद्रच वर असतो, तेव्हा कॉजवे नसता तरी पाणी बाहेर पडलं नसतं.

---

खारफुटी

भरती सहा तासांची, पूर दोन दिवस राहिला. ओहोटीला जे पाणी झपाट्याने निघून जायला हवं होतं ते अरुंद तोंडातून निघालं. एकटा कॉजवे दोषी, असं मी म्हणत नाहीये. पण पहिली चिमट त्याची, आणि एकदा तोंड अरुंद झालं की मागची खाडी 'रिकामीच तर पडलीये' असं वाटायला लागतं. मग तिथे भराव टाकायचा धीर येतो. पुढच्या सगळ्या गोष्टींना त्याने परवाना दिला.

---

दगडफोड्या

हा मुद्दा बरा आहे. एवढा मान्य.

---

चुंबकसुई

भरतीला बुडणाऱ्या रस्त्यांबद्दल कुणी लिहील का? हाजी अलीला जाणारी वाट सगळ्यांनी बघितलेली असते. पण गाडी जाईल एवढे मोठे रस्तेसुद्धा असे बुडतात असं ऐकलंय.

---

पडाव

@चुंबकसुई, दोन ठिकाणं प्रसिद्ध आहेत. फ्रान्समधला पासाज द्यू ग्वा, नुआरमुतिये बेटाकडे जाणारा, चार किलोमीटरच्या वर लांब. दिवसातून दोनदा पूर्ण बुडतो. १९७१ मध्ये शेजारी पूल झाला तरी लोक हौसेने तिथूनच जातात. १९९९ च्या तूर द फ्रान्समध्ये तिथल्या ओल्या शेवाळी दगडांवर सायकलस्वारांची मोठी पडझड झाली होती. वाटेत उंच खांब रोवलेत. पाण्यात सापडलात तर शिडीने वर चढून बसायचं.

दुसरा इंग्लंडच्या लिंडिसफार्नचा. १९५४ मध्ये डांबरी रस्ता झाला, मध्ये खांबांवर एक लाकडी खोली आहे, कामही तेच. दोन्ही टोकांना सुरक्षित वेळांचं वेळापत्रक ठळक लावलेलं असतं आणि तरीही दरवर्षी गाड्या बुडतात.

का बुडतात सांगतो. माणसाला वाटतं पाणी सारख्या वेगाने चढतं. तसं नसतं. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरा आणि एकूण चढ बारा भागांत वाटा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन, मग एक. पहिल्या तासाला बघून 'अजून वेळ आहे' म्हणणारा माणूस तिसऱ्या तासात रस्त्याच्या मध्यावर असतो. शिवाय पाणी समोरून चालत येत नाही. आधी खोलगट चऱ्या भरतात, त्या बहुधा किनाऱ्याकडे असतात, आणि मागची वाट समोरच्या वाटेआधी बंद होते.

---

साकव

भरतीच्या वेळेसाठी कोकणात तिथीला पाऊणने गुणतात ना? चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती. तेच तिकडे चालेल का?

---

पडाव

गुणाकार चालेल, सुरुवात चालणार नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, ते चंद्रामुळे, म्हणून पाऊण तास सगळीकडे सारखाच. पण अमावास्येला पूर्ण भरती किती वाजता हे प्रत्येक बंदराचं वेगळं. आपल्याकडे ती बाराच्या सुमारास येते म्हणून हिशोब शून्यापासून सुरू होतो. दुसऱ्या किनाऱ्यावर तो आकडा वेगळा. कोकणातला हिशोब घेऊन लिंडिसफार्नला गेलात तर त्या लाकडी खोलीत रात्र काढाल.

---

तिकटी

अजून एक, तोंडातल्या तोंडात हसू येईल असं. स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी बेटं आहेत. १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडी यू-४७ रात्री पूर्वेकडच्या खिंडीतून बेटांमधल्या ब्रिटिश आरमाराच्या तळात शिरली आणि रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली. ८३० हून जास्त लोक गेले. खिंडीत जुनी जहाजं बुडवून ठेवली होती, पाणबुडी त्यांच्या बाजूने निघून गेली. मग चर्चिलने चार खिंडी बंद करायचं ठरवलं.

मजूर म्हणून आणले इटालियन युद्धकैदी. ते म्हणाले, युद्धकैद्यांना लष्करी काम देता येत नाही, करार आहे. तेव्हा सांगण्यात आलं की छे, हे तर बेटांना जोडणारे रस्ते! खरंच वर रस्ता केला. १२ मे १९४५ ला उद्घाटन झालं तेव्हा युरोपातलं युद्ध संपून चार दिवस झाले होते. म्हणजे बांध म्हणून उशीर झाला आणि रस्ता, जो निव्वळ कागदावरचा बहाणा होता, तोच आजही वापरात आहे. चौथ्या बांधाला तर वाळू लागून छान पुळण तयार झालीये. टायरचं धाकटं भावंड.

(अवांतर: ऑर्कनीतल्या मुख्य बेटाचं नावच 'मेनलँड' आहे. तेव्हा 'बेटाला मेनलँडशी जोडलं' हे तिथे शब्दशः खरं आणि तरीही दोन्ही बेटंच.)

---

निळीशाई

जोहोर-सिंगापूर कॉजवेही असाच. १९२४ ला औपचारिक उद्घाटन, लांबी किलोमीटरच्या किंचित वर. ३१ जानेवारी १९४२ ला ब्रिटिशांनी माघार घेताना त्याला स्वतःच सुरुंग लावून भगदाड पाडलं. मलायातून सिंगापूरला येणारी पाण्याची नळवाहिनी त्यावरूनच जायची, तीही तुटली. बेटाला जोडणारा रस्ता तोडला की बेटाची तहानही उघडी पडते.

---

चुंबकसुई

गलबत, मूळ धाग्यातलं एक राहिलंच. मों-सँ-मिशेलचा भराव काढल्यावर गाळ गेला का? की साचला तो साचला?

---

गलबत (धागाकर्ता)

नुसता भराव काढून भागलं नसतं. त्यांनी कुएनों नदीवर नवा बंधारा बांधला, २००९ पासून चालू आहे. जुना बंधारा समुद्राला बाहेर ठेवायचा. नवा भरतीचं पाणी आत घेतो, धरून ठेवतो आणि ओहोटी लागल्यावर सोडतो. त्या लोंढ्याने गाळ डोंगराच्या दोन्ही बाजूंनी समुद्राकडे ढकलला जातो. पूल बारीक पोलादी खांबांवर आहे, पाण्याला जवळजवळ अडथळाच नाही. गवताची कुरणं काही ठिकाणी मागे हटली. पण हे काम वर्षानुवर्षांचं आहे, एका मोसमाचं नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी मुद्दाम ठेवली. पुलाचं डोंगराकडचं टोक थोडं खाली ठेवलंय. वर्षातून काही मोजक्या मोठ्या उधाणांना ते टोक पाण्याखाली जातं आणि तेवढा वेळ मों-सँ-मिशेल पुन्हा पूर्ण बेट होतं.

---

चुंबकसुई

म्हणजे तेव्हा कुणी मठात असेल तर?

---

गलबत (धागाकर्ता)

पाणी उतरेपर्यंत थांबायचं. लोक त्या तारखा बघून मुद्दाम जातात.